कुणीच बोंब मारली नाही

१

आत्या नाहीशी झाल्याचं कळलं, तेव्हा इस्पितळाच्या संगणक विभागात केक कापणं चालू होतं. केकवर साखरेचा पांढरा ढग होता. विभागातली सगळी मशीन्स नव्या व्यवस्थेत सुखरूप पोचल्याचा हा सोहळा. भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'स्थलांतर सुरू झाल्यापासून अलार्म: शून्य', आणि त्या शून्याला कुणीतरी डोळे आणि हसरं तोंड काढलं होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी केकची बशी बाजूला सारून शेवटची मोजदाद करत होती. कीबोर्डवाल्यांच्या या जगात ती अजून अंबाड्यात पेन्सिल खोचून यायची, म्हणून तिला सगळे पेन्सिल म्हणत.

"एक कमी भरतंय," ती म्हणाली.

"परत मोज," कुणीतरी तोंडात केक असताना म्हणालं.

"परतच मोजलंय. आत्या नाहीये. घरी नाही आणि वरही नाही."

संचालकांनी सुरी खाली ठेवली. ढगाचा अर्धा भाग कोसळला.

ही आत्या म्हणजे कुणी हाडामांसाची बाई नव्हे. इस्पितळाच्या तळघरात मोठाले सर्व्हर होते आणि एकेका सर्व्हरच्या पोटात बरीच आभासी मशीन्स भाडेकरूंसारखी राहत. त्यांना हात लावता येत नाही, पण काम प्रत्येकाचं वेगळं. ती ज्याने पहिल्यांदा उभी केली, त्या इंजिनियरने त्यांना नातेवाइकांची नावं दिली होती. रुग्णांची जुनी माहिती सांभाळणारी ती आजी. ऐन गरजेला अडून बसणारा प्रिंटरचा सर्व्हर तो मेव्हणा. बिलांची ती सासूबाई. इंजिनियर नोकरी सोडून गेला, कुठल्याशा दूर देशात स्थायिक झाला आणि फोन उचलेनासा झाला. कोण काय करतं हे कुठेही लिहून ठेवायची तसदी त्याने घेतली नव्हती. आत्या काय करते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"भिंगाला बोलवा," संचालक म्हणाले.

भिंग म्हणजे इस्पितळाचे अंतर्गत तपासनीस. पन्नाशीचे, जरासे वाकलेले, जे हातात येईल ते डोळ्यांजवळ नेऊन बघणारे. एरवी कापसाचे हिशेब आणि हरवलेल्या व्हीलचेअर शोधणं हेच त्यांचं क्षेत्र. त्या सकाळी ते तिसऱ्या मजल्यावर होते आणि खाली यायची त्यांची अजिबात इच्छा नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर त्यांची ताई होती. ताईच्या रक्तात दोष होता. आज दुपारी तिला एक जबरदस्त औषध चढवायचं होतं. ते हाडांमधली रक्त बनवणारी सगळी जागा पुसून टाकतं, दोषी पेशीही आणि निर्दोषही. त्यानंतर तिच्याच आधी काढून गोठवून ठेवलेल्या चांगल्या पेशी तिला परत द्यायच्या. मधे परतीचा रस्ता नव्हता. औषध गेलं आणि पेशी मिळाल्या नाहीत, तर माणूस संपला, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यांना गोड बोलायची सवय नव्हती.

"जाऊन ये," ताई काचेच्या पलीकडून फोनवर म्हणाली. "तू इथे बसून मला नुसती भीती घालतोयस. तोंड बघ आरशात."

२

भिंगांनी आधी पेन्सिलला बसवलं.

"मशीन वर न्यायची म्हणजे काय करता, मला माझ्या भाषेत सांग."

"सर, प्रत्येक मशीनसाठी पर्याय असतात. चालू असताना तशीच उचलायची, कुणाला पत्ताही लागत नाही. नाहीतर बंद करून उचलायची. फार जुनी असेल तर वर नव्याने बांधायची. काही इथेच तळघरात ठेवायच्या, कारण आपली व्यवस्था मिश्र आहे, अर्धं घर इथे, अर्धं वर भाड्याच्या ढगात, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या लांबच्या सर्व्हरांवर. आणि जिचं कुणीच नाही, तिला निरोप."

"जिचं कुणी नाही हे कसं ठरतं?"

पेन्सिल जराशी लाजली. "बोंब-चाचणी करतो."

"काय?"

"सगळीकडे करतात, सर. मशीन गुपचूप बंद करायची आणि वाट बघायची. कुणी बोंब मारली, तर ती कुणाच्या तरी कामाची. नाही मारली, तर निरोप."

भिंगांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. सुशिक्षित माणसं इस्पितळ अशा रीतीने चालवतात हे पचवायला त्यांना तेवढा वेळ लागला.

"आणि आत्याची चाचणी केलीस?"

"केली. कित्येक आठवडे बंद ठेवली. कुणी चूं केलं नाही. मी 'निरोप' असा शेरा मारला. पण नंतर बघते तर तिच्यासमोर 'वर पोचली' अशी खूण. मला वाटलं, सापडला कुणी मालक."

"खूण कुणी केली?"

"माझ्याकडे वरच्या घराची किल्ली नाही, सर."

मग तळघरात अण्णा. जुन्या सर्व्हरखोलीचे राखणदार, पंख्यांच्या घरघरीत राहून राहून मोठ्याने बोलायची सवय लागलेले.

"मी पुसली!" अण्णा ओरडले. "तळातून! पुन्हा सापडायची नाही!"

"का?"

"वर पोचली म्हणून खूण होती! गेल्यात ना सगळ्या थाटामाटात ढगात? मग यांचे जुने कपडे मी का सांभाळू? एकेक जाते आणि माझी खोली गार पडते. उद्या मला पण पुसतील."

"पोचली की नाही, विचारलंत का कुणाला?"

अण्णांनी पंख्यांकडे पाहिलं. "माझ्याशी बोलतं कोण हल्ली," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले.

"ती काय करायची, अण्णा?"

"काय की! फार शांत बाई. माझ्या खोलीत इतकी वर्षं होती, कधी कुरकुर केली नाही. त्या इंजिनियरने आत्या का म्हटलं कुणास ठाऊक. माझी आत्या तर आली की घरभर फिरायची. कुणाच्या घरी दूध नासलं, कुणाचं दार उघडं राहिलं, सगळं बघायची आणि गल्लीभर सांगायची."



३

सल्लागाराचं केबिन काचेचं होतं आणि त्याच्या भिंतीवर बाणांनी जोडलेले बरेच ढग होते. सल्लागार बाहेरून आणलेला होता. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं हसू. हे सगळं स्थलांतर त्याने आखलं होतं आणि 'एकही मशीन मागे राहणार नाही' हे त्याचं घोषवाक्य संचालकांना इतकं आवडलं होतं, की त्यांनी ते लिफ्टमध्येही लावलं होतं.

"खूण चुकून लागली असेल," तो म्हणाला. "एवढ्या सगळ्यात एखादी लागते. मी त्या मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही."

"कधीच चालू केली नाहीत?"

"छे! बोंब-चाचणीत बंद झालेली मशीन मी कशाला चालू करू? साहेब, जगात काय चाललंय आणि आपण एका कोकलणाऱ्या मशीनपायी अख्खी सकाळ घालवतोय. तिच्यावाचून कुणाचं अडलं? फळा बघा. शून्य अलार्म. मी इतकी स्थलांतरं केली, पण इतकं शांत इस्पितळ पाहिलं नाही."

"हो, शांत आहे," भिंग म्हणाले.

आणि खरोखरच होतं. व्हरांड्यात उभे राहून त्यांनी कान दिला. लांब कुठेतरी ट्रॉलीचं चाक किरकिरलं. ड्यूटी-रूमच्या टेबलावर लाल फोन ओळीने मांडलेले होते. त्यांच्यावर धुळीचा पातळ थर बसला होता. एकावर कुणीतरी बोटाने फूल काढलं होतं.

धूळ बसलेल्या फोनकडे पाहून माणसाला भीती का वाटावी, हे त्यांना कळेना. पण वाटली. मानेवरून कुणीतरी थंड बोट फिरवावं तशी.

४

तिसऱ्या मजल्यावर सिस्टर वैतागलेल्या होत्या. औषधांच्या फ्रिजमधल्या बाटल्या त्या एकेक करून कचऱ्यात टाकत होत्या.

"दार नीट लागलं नव्हतं कुणाकडून तरी. कालपासून उघडंच. सगळं वाया! पूर्वी बोटभर फट राहिली की हा लाल फोन नुसता ठणाणा करायचा. झोपलेल्या पेशंटला उठवायचा मेला."

"आता करत नाही?"

"नाही ना. हल्ली कशी शांतता आहे. तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांनी काहीतरी चांगलं केलंय बघा."

भिंगांनी लाल फोन उचलून डोळ्यांजवळ नेला.

"सिस्टर, हा फोन कोण करायचं?"

"कोण म्हणजे? फ्रिज करायचा."

"फ्रिजला फोन करता येतो?"

सिस्टरांचा हात बाटलीवरच थांबला. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनी स्वतःलाही नाही.

काचेच्या पलीकडे ताई पुस्तक चाळत बसली होती. तिच्या उशाशी सलाईनच्या दांडीवर पिवळसर पिशवी लटकवलेली होती. नळी अजून जोडली नव्हती.

"ते औषध?" भिंगांनी विचारलं.

"हो. बाटल्यांचं आवरलं की लावतेच."

"थांबा. मी येईपर्यंत लावू नका."

"असं कसं? डॉक्टरांनी सांगितलं तरच थांबेन."

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "ताईचं औषध थांबवा."

"कारण?"

"तिच्या पेशी ज्या टाकीत आहेत, तिच्याकडे कुणी बघतंय असं मला वाटत नाही."

"तुम्हाला वाटतं? मला पुरावा लागतो. ठरलेली वेळ मी वाटण्यावर हलवत नाही."

"पुरावा आणायलाच चाललोय."

ताईने काचेवर टकटक केली आणि भुवया उंचावून विचारलं, काय झालं? त्यांनी हसून हात हलवला, काही नाही. ताईने त्यांना अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिला ते हसू खोटं आहे हे कळलं असणार. तिने पुस्तक मिटलं.

५

शीतगृहात स्वेटर बसला होता. बारा महिने स्वेटर घालणारा तंत्रज्ञ, म्हणून स्वेटर. खोलीच्या मधोमध माणसाच्या उंचीची स्टीलची टाकी उभी होती. तिच्यात द्रवरूप नायट्रोजन, आणि त्यात बुडवलेल्या दांड्यांवर लोकांच्या गोठवलेल्या पेशी. शेजारच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पातळी: ठीक', आणि खाली आकडा.

"या, साहेब! एकदम ठीक आहे सगळं. बघा ना."

"हा नायट्रोजन उडून जातो ना?"

"सतत. कितीही झाकण लावा, थोडाथोडा जातोच."

"मग हा आकडा कमी होतो का?"

"नाही. मस्त स्थिर आहे. इतका स्थिर मी कधी बघितला..." स्वेटरने पडद्याकडे पाहिलं. मग टाकीकडे.

"तुम्ही भरता कधी?"

"पातळी उतरली की फोन येतो. मग भरतो."

"शेवटचा फोन कधी आला होता?"

स्वेटरच्या चेहऱ्यावरचा रंग वरून खाली उतरला.

"फोन," तो म्हणाला, "आलाच नाही."

"मग भरलंत कधी?"

स्वेटरने जाड हातमोजे चढवले. कोपऱ्यातली लांब लाकडी पट्टी घेतली. ही जुनी पद्धत होती: पट्टी तळापर्यंत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथवर द्रव असेल तिथवर पांढरं दव धरतं. झाकण उघडलं. नेहमी जी दाट वाफ उसळून बाहेर पडते, ती आळसटपणे कडेशी आली आणि विरून गेली.

त्याने पट्टी बाहेर काढून हलवली. दोघे बघत राहिले.

लाकूड कोरडं होतं. कोरडंच. अगदी खालच्या टोकाशी, वीतभर, हळूहळू पांढरं होत गेलं.

"माझ्या बहिणीच्या पेशी कुठल्या कप्प्यात आहेत?"

स्वेटरने खालीच पाहिलं. "मधल्या," तो म्हणाला. "द्रवाच्या वर."

भिंग ती पट्टी हातात घेऊन जिना चढले. लिफ्टसाठी थांबायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं, आणि लिफ्टमध्ये 'एकही मशीन मागे राहणार नाही' वाचायचं तर मुळीच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा सिस्टर पिशवीखाली उभ्या होत्या. एका हातात नळी, दुसऱ्या हातात चिमटा.

त्यांनी नुसती पट्टी उंच धरली. टोकावरचं दव वितळून एक थेंब फरशीवर पडला.

डॉक्टरीणबाई मागून आल्या होत्या. त्यांनी पट्टीचं टोक पाहिलं, कोरडा भाग पाहिला, आणि सिस्टरांच्या हातातून नळी काढून घेतली.

६

संध्याकाळी संचालकांच्या खोलीत तिघांना बसवलं. केकची उरलेली बशी टेबलावर तशीच होती. टाकी भरली होती, आणि सगळ्या मजल्यांवर माणसं धावत होती, फ्रिजची दारं हाताने तपासत होती.

"आत्या काय करायची हे कुणाला माहीत नव्हतं," भिंग म्हणाले. ते फार शांत बोलत होते आणि त्यामुळे सगळ्यांना जास्त भीती वाटत होती. "ती घरभर फिरायची. प्रत्येक फ्रिज, प्रत्येक टाकी, प्रत्येक दार. काही बिघडलं की लाल फोनवर बोंब मारायची. टाकीच्या पडद्यावरचा आकडाही तिनेच शेवटचा पाठवलेला. तुम्ही बोंब-चाचणीसाठी नेमकी तीच बंद केलीत. मग बोंब मारणार कोण? शांतता पसरली आणि तुम्ही ती फळ्यावर लिहिलीत."

पेन्सिलने अंबाड्यातली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "मी विचारायला हवं होतं. फ्रिजवाल्यांना. एकदा तरी."

"हवं होतं. पण बंद करणं म्हणजे नाहीसं करणं नव्हे. ते अण्णांनी केलं, रुसून, न विचारता."

अण्णांनी मान खाली घातली.

"पण अण्णांनी खुणेवर विश्वास ठेवला. खूण कुणाची? पेन्सिलकडे वरची किल्ली नाही. अण्णांनी वरचं घर पाहिलेलं नाही. उरलं कोण?"

"मी सांगितलं, चुकून..." सल्लागार म्हणाला.

"तुम्ही सकाळी मला म्हणालात, एका कोकलणाऱ्या मशीनपायी. पेन्सिल म्हणाली, चूं नाही. अण्णा म्हणाले, शांत बाई. सिस्टरांना वाटत होतं फ्रिजच फोन करतो. फोनमागे आत्या आहे हे या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ती कोकलते हे तुम्हाला कसं कळलं? जिच्याकडे तुम्ही पाहिलंसुद्धा नाही?"

सल्लागाराच्या हसण्याची इस्त्री मोडली. त्याने ओठ चाटले, खिडकीकडे पाहिलं, मग बशीतल्या ढगाकडे.

"निरोप दिला असता तर एक मशीन मागे राहिली असती," तो अखेर म्हणाला. "घोषवाक्य होतं. म्हणून बंद पडलेल्या आत्याची प्रत मी वर नेली आणि चालू केली. चाचणीपुरते तिचे फोन माझ्याकडे वळवले होते. वरून तिला इथलं काही दिसेना. फ्रिज, टाक्या, काहीच. तिला वाटलं सगळे मेले. माझा फोन थांबेचना. मी बंद केली. जरा उसंत मिळाली की बघू म्हटलं."

"आणि खूण केलीत."

"पोचली तर होतीच," तो म्हणाला, आणि हे आपण मोठ्याने बोललो हे लक्षात येऊन दचकला.

"ती प्रत?"

"आहे. नाव बदललंय. 'तात्पुरतं' म्हणून ठेवलीय."

"ती घरी आणा," भिंग म्हणाले. "तिची जागा खालीच होती. अर्धं घर इथे ठेवायचं ते याचसाठी. अण्णा, तुमच्या खोलीत."

अण्णा काही ओरडले नाहीत. उठले आणि खोली तयार करायला गेले.

७

पेशी मेल्या की जगल्या, हे कळायला दुसऱ्या दिवसाची दुपार व्हावी लागली. द्रवाच्या वरची वाफसुद्धा भयंकर थंड असते, त्यामुळे आशा आहे, एवढंच डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या. मधल्या कप्प्यातली एक छोटी कुपी त्यांनी वितळवायला घेतली. तोवर भिंग ताईच्या काचेबाहेरच्या बाकावर बसून होते. ताईशी खोटं बोलायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला, तिने तो हाणून पाडला, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे अगदी चिमट्याशी आलं होतं?" ताईने विचारलं.

"हो."

"तरी म्हटलं, तू असा पांढराफटक का पडलास." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला भीती वाटतेय रे धाकट्या."

"मलाही, ताई."

एवढ्यात लाल फोन वाजला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर आवाज पसरत गेले. तळघरात आत्या जागी झाली होती, आणि इतके आठवडे जे साचलं होतं ते सगळं एकदम सांगत सुटली होती: दुसऱ्या मजल्यावरचं दार, प्रयोगशाळेचा जुना फ्रिज, शवागारातला पंखा. माणसं इकडून तिकडे पळत होती. संचालक कानांवर हात ठेवून लिफ्टमधून बाहेर पडले. कुणीतरी फळ्यावरचं शून्य पुसलं होतं, पण हसरं तोंड तेवढं राहून गेलं होतं.

या गोंगाटातून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना ओरडूनच बोलावं लागलं, त्यामुळे ते अर्ध्या मजल्याला ऐकू गेलं.

"जिवंत आहेत! पुरेशा आहेत! उद्या औषध सुरू करू!"

भिंग बाकावरून उठले आणि परत बसले. काचेपलीकडे ताईने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. मग तिने फोन उचलला.

"काय हा कालवा! उद्याच्या आधी जरा डोळा लागला असता. सांग ना कुणाला, बंद करा म्हणावं."

"नको," भिंग म्हणाले. त्यांनी पाठ भिंतीला टेकली आणि कालपासून पहिल्यांदाच डोळे मिटले. "वाजू दे, ताई. तू झोप. वाजू दे."